मुंगळ्यांची लहान वसाहत घरी वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाच्या पहिल्या सरींनंतर "राणी सापडली, आता पुढे काय?" असे प्रश्न सुरू होतात, आणि दिवाळीच्या सुमारास "सगळ्या मेल्या, काय चुकलं?" असे. खालची उत्तरं राणी काचेच्या नळीत (प्रश्न ५) ठेवल्यापासून वसाहत साधारण वर्षाची होईपर्यंतच्या काळासाठी आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुतारमुंगी म्हणजे आपला मुंगळाच ना? मग तो लाकूड का पोखरत नाही?

हो, तोच. काही भागांत त्याला डोंगळा म्हणतात. कॅम्पोनोटस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून सुतारमुंग्या हे नाव पडलं, कारण युरोप-अमेरिकेतल्या काही जाती लाकडात घर कोरतात. त्या लाकूड खात मात्र नाहीत, भुसा बाहेर टाकतात. आपल्या अंगणातला मोठा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७८७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो बहुतेक वेळा जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी घर करतो आणि त्याच झाडावर मावा राखून गोड रस पितो. म्हणून घरी वाढवताना लाकडाचा ओंडका लागत नाही. थोडी ओल आणि अंधार पुरतो.

२. राणी कधी आणि कुठे मिळेल? अंगणातलं बीळ खणून काढली तर?

वळवाच्या सरींपासून पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांत, पाऊस पडून गेल्यावरच्या दमट, वारा नसलेल्या संध्याकाळी पंखवाल्या माद्या आणि नर उडतात. रात्री जिन्याच्या दिव्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीच्या कडेने किंवा पायवाटेवर पंख टाकून एकटी फिरणारी राणी दिसते. हवी ती हीच.

बीळ खणू नका. राणी खोल असते, खणताना बहुधा चिरडते, आणि हाती येतात त्या राणीविना शे-दोनशे कामकरी मुंग्या. एक जमलेली वसाहत मोडते आणि आपल्याकडेही काही उरत नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून तर एक मुंगीही उचलायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथल्या सगळ्याच जिवांना लागू होतो.

३. दिव्याखाली पडलेला पंखवाला किडा राणी आहे, नर आहे की वाळवी?

आधी कंबर बघा. वाळवीला कंबर नसते, धड सरळ असतं, चारही पंख सारख्या लांबीचे आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकल्यासारख्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब.

मुंगी आहे असं ठरलं की डोकं बघा. नराचं डोकं अंगाच्या मानाने चिमुकलं आणि शरीर सडपातळ. राणी दीड सेंटीमीटरच्या पुढे, डोकं रुंद, आणि पाठीचा भाग फुगीर, जणू बारीक टपोरा दाणा बसवलाय. पंख गळलेले असतील तर तिथे चार छोटे वण दिसतात. नर दोन-चार दिवसांत मरतो, तो ठेवून उपयोग नाही.

४. राणीने पंख टाकलेले नाहीत. ठेवू का?

आठ-दहा दिवस ठेवा. काही राण्या मीलनानंतरही उशिरा पंख टाकतात. उलट, पंख गळले म्हणजे मीलन झालंच असंही नाही. धक्क्याने, हाताळण्यानेही ते गळतात. मीलन न झालेली राणीही अंडी घालते, पण त्यातून फक्त नर निघतात. खात्री एकाच गोष्टीने होते: पहिली कामकरी बाहेर येणं. तोवर धीर धरावा लागतो.

५. टेस्ट ट्यूब नेमकी कशी तयार करायची?

१६ ते २० मिलिमीटर व्यासाची, १५० मिलिमीटर लांबीची काचेची नळी घ्या. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. उकळून गार केलेलं पाणी नळीचा तिसरा भाग भरेल इतकं घाला. मग कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळूहळू पाण्याला टेकेपर्यंत सरकवा. पाण्याकडची बाजू ओली व्हायला हवी, राणीकडची नुसती दमट. नळी आडवी करून तळहातावर हलकेच आपटा. पलीकडे थेंब आले तर बोळा सैल आहे, काढून नवा घाला. बोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा मोठा बुडबुडा राहिला तर तापमान बदलताच तो फुगून पाणी राणीकडे ढकलतो. बुडलेल्या बऱ्याच नळ्यांचं कारण हेच असतं.

कापूस औषधाच्या दुकानातला साधा शोषक घ्या, सुगंधी किंवा रंगीत नको. राणी आत गेल्यावर तोंडाला सैलसर कोरडा बोळा लावा आणि नळी काळ्या कागदात गुंडाळून आडवी ठेवा. नळी घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना मातीची छोटी गोळी लावा.

६. महिना झाला, राणीने काहीच खाल्लं नाही. उपाशी मरेल का?

नाही. मुंगळ्याची राणी स्वतःला बंद करून घेऊनच संसार सुरू करते. उडण्याचे स्नायू आता तिला नको असतात. ते विरघळतात, आणि अंगातल्या चरबीबरोबर त्यांचंच अन्न होऊन पहिल्या अळ्यांना भरवलं जातं. तिला फक्त पाणी लागतं. या काळात आत टाकलेला मधाचा थेंब तिच्या पायांना चिकटतो आणि कापसावर बुरशी आणतो. पहिल्या कामकरी येईपर्यंत काही घालू नका.

७. मग किती दिवसांनी बघायचं?

दहा दिवसांनी एकदा, एक मिनिट, लाल प्रकाशात. लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही. मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावला तरी चालतो. मुंग्यांना हवेतल्या आवाजापेक्षा पृष्ठभागातली थरथर जास्त कळते. म्हणून नळी फ्रिजवर, मिक्सरच्या ओट्यावर किंवा दाराशेजारच्या फळीवर ठेवू नका. कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा उत्तम, डांबरगोळ्या आधी काढून. तरुण वसाहतीला सगळ्यात जास्त त्रास होतो तो आपल्या बघण्याचा आणि भरवण्याचा. हा एकच मुद्दा लक्षात राहिला तरी पुढचे अर्धे प्रश्न पडत नाहीत.

८. अंड्यापासून कामकरी व्हायला किती दिवस लागतात? कोशाच्या टोकाला काळा ठिपका दिसतोय, तो काय?

२७ ते ३० अंशांवर साधारण सहा ते आठ आठवडे. गारठ्यात याहून जास्त. आधी पांढरी लांबट अंडी, मग वाकलेल्या तांदळाच्या कणीसारख्या अळ्या, मग रेशमी फिकट तपकिरी कोश. अंड्यांची पहिली खेप लहान असते, दहा-बाराच्या आतबाहेर.

काळा ठिपका ही चांगली खूण आहे. अळी आयुष्यभर विष्ठा साठवते आणि कोशात शिरल्यावर ती एकदाच, शेपटाकडच्या टोकाला टाकते. तोच तो ठिपका. नंतर कोश गडद होतो आणि राणी स्वतः तो जबड्याने फाडून पिल्लू बाहेर ओढते. पहिली कामकरी फिकट, जवळजवळ मधाच्या रंगाची आणि लडखडणारी असते, आकारानेही नेहमीच्या मुंगळ्यांहून बरीच लहान. काळी पडायला काही दिवस जातात. कोश तुम्ही उघडू नका.

९. अंडी होती, आता एकही दिसत नाही. कुठे गेली?

राणीने खाल्ली. नळी हलली, उजेड पडला, फार थंडी किंवा उष्णता झाली की ती अंड्यांचं अन्न परत अंगात घेते. जागा अंधारी आणि स्थिर करा, तीन आठवडे हात लावू नका. बहुतेक राण्या पुन्हा घालतात. मात्र दरवेळी अळ्या होण्याआधीच अंडी नाहीशी होत असतील आणि असं दोन-तीन महिने चाललं असेल, तर राणीचं मीलन झालेलं नसण्याची शक्यता मोठी (प्रश्न ४).

१०. पहिल्या कामकरी आल्या! आता काय, किती आणि कधी घालायचं?

पहिले दोन दिवस काहीच नाही. मग:

गोड: एक चमचा साखर, तीन ते चार चमचे पाणी. मोहरीच्या दाण्याएवढा थेंब फॉइलच्या तुकड्यावर, नळीच्या तोंडाशी. आठवड्यातून दोनदा. मध चालतो, पण तितक्याच पाण्यात पातळ करून, नाहीतर बारीक कामकरी त्यात अडकून मरते. गूळ आपल्याकडे लवकर आंबतो. साखर-पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

प्रथिनं: केळाच्या सालीवर येणारं एक चिलट, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून आणि गरम पाण्यातून काढून. पाच कामकरींना आठवड्यातून एक-दोन चिलटं खूप झाली. पुढे वीसेक झाल्या की छोटा नाकतोडा अर्धा कापून, किंवा मीठ न घातलेल्या उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा.

उरलेलं चोवीस तासांत काढा. कामकरींचं पोट फुगून पट्ट्यांमधली फिकट कातडी ताणलेली दिसली तर त्यांचं सामायिक पोट भरलंय. त्या तोंडातून तोंडात हेच राणीला आणि अळ्यांना देतात. तेव्हा आणखी घालायची गरज नसते. प्रथिनं मुख्यतः अळ्यांसाठी लागतात. अळ्या नसतील तर कीटक पडून राहील, आणि त्यात काळजीचं काही नाही.

११. घरातलं झुरळ घातलं तर? सुकट?

घरातलं झुरळ अजिबात नको. ते कुठल्या घरातून विषारी जेल खाऊन आलंय ते कळत नाही, आणि गोठवल्याने किंवा उकळल्याने ते विष जात नाही. भाजीवर सापडलेल्या अळ्यांचंही तेच, फवारणी झालेली असते. मीठ लावलेली सुकी मासळी नको. ताजी कोळंबी उकडून, मीठ न घालता, किंचितशी चालते.

१२. नळीतला कापूस काळा पडलाय, पाणीही संपत आलंय. राणीला काढून दुसऱ्या नळीत टाकू?

टाकू नका, तिला आपणहून जाऊ द्या. नवी नळी तयार करा (प्रश्न ५), दोन्ही तोंडं जाड पारदर्शक पाइपच्या तुकड्याने किंवा टेपने जोडा. नवीवर काळा कागद, जुनीवर उजेड, ऊन नव्हे. काही वसाहती रात्रीत जातात, काही आठवडाभर ढिम्म बसतात. पाण्याकडच्या कापसावर काळे डाग पडले तरी राणी-पिल्लं त्यापासून लांब असतील तर घाई नाही. मात्र पिल्लांवर केसाळ बुरशी आली किंवा नळीत पाणी शिरलं, तर थांबू नका. नळी तिरकी धरून हलकेच टिचक्या मारत सगळं कागदावर घ्या आणि मऊ ब्रशने नव्या नळीत सरकवा.

बऱ्याच मुंग्यांच्या छातीच्या मागच्या बाजूला जंतुनाशक स्राव देणारी ग्रंथी असते. कॅम्पोनोटसच्या बहुतेक जातींत ती नाही. म्हणून यांच्याकडे स्वच्छतेत ढिलाई चालत नाही.

१३. मोठ्या घरात कधी हलवायचं, आणि घर कशाचं करू?

वीस-तीस कामकरी होईपर्यंत नळीच बरी. आठ-दहा झाल्या की नळी एका छोट्या डब्यात ठेवून तोंड उघडा, म्हणजे बाहेर फिरायला आणि कचरा टाकायला जागा होते. पाच कामकरींना मोठं घर दिलं की त्या एका कोपऱ्यात कचरा साठवतात, तिथे बुरशी धरते आणि आपल्याला ती दिसतही नाही.

घरासाठी आपल्याकडची सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे बांधकामावर वापरतात तो एएसी ब्लॉक. हलका, सच्छिद्र, साध्या स्क्रूड्रायव्हरने कोरता येतो. पाच सेंटीमीटर जाडीचा काप करवतीने काढा. नाकातोंडाला मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट. दालनं साधारण तीन बाय पाच सेंटीमीटर, बारा मिलिमीटर खोल, बोळ दहा मिलिमीटर रुंद. तीन-चार दालनं पुरतात. एका कडेला पाणी घालायला वेगळा खड्डा, दालनांपासून दोन सेंटीमीटर सोडून. धुऊन दोन दिवस वाळवा, वर चार मिलिमीटरची काच. सिलिकॉनने चिकटवली तर त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे किमान तीन-चार दिवस, मुंग्या सोडू नका.

ओल फक्त एक-तृतीयांश भागात ठेवा. मुंगळे अंडी-अळ्या ओलीकडे आणि कोश कोरड्याकडे नेतात. सगळी पिल्लं एकाच टोकाला दाटली तर ओल कुठे कमी-जास्त झाली हे त्याच सांगत असतात.

१४. डब्यातून पळून जातात. काय लावू?

साधी टाल्क पावडर एक भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल तीन भाग. नीट हलवून डब्याच्या आतल्या वरच्या कडेला चार सेंटीमीटरचा पट्टा ओढा. मुंग्या आत नसताना, उदबत्ती-समईपासून लांब, आणि तासभर वाळू द्या. मक्याच्या पिठाची पावडर चालत नाही, डब्यावर टाल्क लिहिलेलं बघा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हा पट्टा ओल धरून निकामी होतो. तेव्हा खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, आणि बारीक स्टीलच्या जाळीचं झाकण असू द्या. तेलाचे ओघळ खाली आले तर मुंग्या त्यात बुडतात, म्हणून बोटाला जेमतेम लागेल इतकंच.

१५. घरातल्या बारीक मुंग्यांनी नळीवर हल्ला केला. कापूस होता तरी कशा शिरल्या?

कापूस त्यांना अडवत नाही. ओट्यावर फिरणाऱ्या दोन मिलिमीटरच्या मुंग्या तंतूंमधून वाट काढतात आणि रात्रीत राणी-पिल्लं संपवतात. थंड देशांतल्या माहितीत हा धोका फारसा दिसत नाही. आपल्याकडे तो पहिल्या तीनांत आहे. उपाय आजीच्या स्वयंपाकघरातलाच: परातीत पाणी, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब, मध्ये पालथी वाटी, वाटीवर डबा. डबा भिंतीला टेकता कामा नये. पाणी दर दोन दिवसांनी बघा, धूळ साचली की त्यावरून पूल होतो. मुंग्या मारायचा खडू आसपास ओढू नका. कारण पुढे.

१६. काल ठीक होत्या, आज सगळ्या उलट्या पडून पाय झाडतायत. कुठला रोग?

रोग नव्हे, बहुतेक वेळा विष. डासांची कॉइल, प्लगमध्ये लावायचं द्रव, कीटकनाशक स्प्रे, मुंग्यांचा खडू या सगळ्यांत पायरेथ्रॉइड गटाची द्रव्यं असतात. ती डासाला मारतात तशीच मुंगीला. खोली बंद असेल तर एक रात्र पुरते. ज्या खोलीत वसाहत आहे तिथे मच्छरदाणी वापरा. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा धुराची फवारणी असेल त्या दिवशी डबा दुसऱ्या घरी हलवा आणि दोन-तीन दिवसांनी आणा. कुत्र्या-मांजरांना गोचिडांचं औषध लावलं असेल तर हात धुतल्याशिवाय डब्याला शिवू नका. झटके सुरू झालेल्या मुंग्या सहसा वाचत नाहीत, पण मोकळ्या हवेत नव्या नळीत हलवल्यास ज्यांना कमी लागलंय त्या तगू शकतात.

१७. मे महिन्यात आणि थंडीत काय बदल करायचे?

३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. विदर्भात, मराठवाड्यात मेच्या दुपारी नळी फरशीवर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, वर ओलं फडकं टाकलेल्या मातीच्या कुंडीखाली ठेवा. कूलरच्या थेट झोतात नको, थरथर होते.

या जातीला शीतनिद्रा लागत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत अंडी कमी होतात, खाणं मंदावतं, वाढ थांबल्यासारखी दिसते. हे नैसर्गिक आहे. खाणं निम्म्यावर आणा, पाणी कायम ठेवा.

१८. दोन राण्या सापडल्या, एकत्र ठेवू? किंवा बाहेरून कोश आणून घालू?

दोन नळ्या घ्या. सुरुवातीला त्या शेजारी बसतात, पण कामकरी आल्यावर एकीला मारलं जातं, आणि कधी उरलेलीही जखमी असते. बाहेरच्या मोठ्या कामकरी आत टाकल्या तर त्या वासावरून परकेपणा ओळखून थेट राणीवर जातात. कोश स्वीकारले जाण्याची शक्यता असते, पण ते मिळवायचे तर दुसरं घर मोडावं लागतं. गरज नसते.

१९. पाण्यात थोडं अँटिबायोटिक घातलं तर बुरशी-रोग टळतील का?

उलट नुकसान होईल. कॅम्पोनोटसच्या आतड्यालगतच्या पेशींमध्ये ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या राहतात. राणीकडून अंड्यात उतरतात आणि आवश्यक अमिनो आम्लं पुरवतात. अँटिबायोटिकने ते मरतात आणि पिल्लांची वाढ खुंटते. बुरशीवर अँटिबायोटिक तसंही चालत नाही. बुरशीसाठी प्रश्न १२.

२०. मोठ्या डोक्याचे मुंगळे कधी येतील?

घाईने नाही. पहिली पिढी सगळी बारीक. वसाहत पन्नास-शंभराच्या घरात गेली आणि प्रथिनं नियमित मिळाली की मध्यम आकाराच्या, मग मोठ्या डोक्याच्या येऊ लागतात. जास्त खायला घालून त्या लवकर काढता येत नाहीत. त्या चावल्या तर कातडी फाटू शकते. नांगी नसते, पण जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतात. साबण-पाण्याने धुवा.

२१. राणी मेली. आता?

कामकरी काही महिने जगतात. उरलेल्या अळ्या वाढवतात, त्यांच्यातल्या काही अंडी घालतात, पण त्यांतून नरच होतात. नवी राणी त्या स्वीकारत नाहीत. शेवटपर्यंत पाणी-साखर देत राहा. या प्रजातीतल्या राण्या दशकभर जगल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षात राणी गेली तर कारण वयात नाही, जागेत शोधा: आधी प्रश्न १६, मग १५, मग नळीतलं पाणी.

२२. अमेरिकेतल्या भाचीला इथली राणी पाठवता येईल का?

नाही. तिथे राणी मुंगी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाही कृषी खात्याची परवानगी लागते, मग परदेशी जातीचं विचारूच नका. २०२५ मध्ये केनियातून सुमारे ५,००० मुंग्या बाहेर नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना तिथल्या न्यायालयाने १० लाख शिलिंग दंड किंवा बारा महिने तुरुंगवास सुनावला.

भाचीने तिच्याच परिसरातली राणी धरावी. पूर्व अमेरिकेत कॅम्पोनोटस पेनसिल्व्हॅनिकस सहज मिळते. एक फरक मात्र मोठा: तिला हिवाळ्यात तीन-चार महिने ५ ते १० अंशांवर झोपवावं लागतं, पाण्याची नळी भरलेली ठेवून. हे टाळलं तर राणी अंडी घालणं थांबवते. तेव्हा प्रश्न १७ मधलं थंडीचं उत्तर तिच्यासाठी नाही.

२३. आता सांभाळणं जमत नाही. बागेत सोडून देऊ?

राणी जिथून उचलली त्याच परिसरात, पावसाळ्यात, संध्याकाळी, झाडाच्या बुंध्याशी सावलीत नळीचं तोंड उघडून ठेवा. त्या आपणहून हलतील. दुसऱ्या गावात, डोंगरावर, फार्महाऊसवर सोडू नका. त्याआधी विचारून बघा, चालू वसाहत घ्यायला कुणीतरी जवळपास मिळतंच. देताना शेवटचं खाणं कधी घातलं, कोश किती आहेत आणि पाणी कधी बदललं हे चिठ्ठीवर लिहून द्या.